‘वडील/पती’ असा एक रकाना

बुकित बातोक

सिंगापूरला मी दोन कारणांनी गेलो. पहिलं कारण म्हणजे पुतणीनं तीन वर्षं लावलेला धोशा. दुसरं तिनं तिकीट काढून झाल्यावर फोनवर सांगितलं.

"काका, एका माणसाची मुलाखत घ्यायची आहे. फक्त एका. नीट लिहून द्यायची. छापायची नाही."

पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘छापायची नाही’ हे शब्द खटकतात. तरी मी हो म्हटलं. ते २०१८ साल होतं. म्यानमारच्या रखाइन भागातून लाखो रोहिंग्या पळून आले, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. त्या बातम्या मी निवृत्तीच्या आधीच्या महिन्यांत स्वतः लावल्या होत्या. एजन्सीची बातमी, दोन कॉलम, आतलं पान. त्यांच्यातल्या एकाही माणसाशी मी कधी बोललो नव्हतो.

पुतणी मुग्धा फायनान्समध्ये आहे. आता ती तिथली पीआर, म्हणजे कायमची रहिवासी. तिचा नवरा केदार आयटीत, अजून एम्प्लॉयमेंट पासवर. बुकित बातोकला अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. खिडकीतून समोर तसेच ब्लॉक दिसतात, प्रत्येकावर मोठ्ठा आकडा रंगवलेला. पहिल्या सकाळी फिरून परत येताना मी दोनदा चुकलो. आकडा लक्षात होता, पण तो कुठल्या बाजूनं वाचायचा ते नव्हतं.

न्याहारीला पोहे होते. केदारला कुरिअरवाल्याचा फोन आला. पलीकडून कुणी "मिस्टर वसंत?" असं विचारत होतं.

"येस, वसंत," केदार म्हणाला आणि फोन ठेवून हसला. "काका, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पण त्यांची पार्सलं अजून येतात. पासपोर्टवर केदार वसंत आहे ना, मग इथे कुणी मला वसंत म्हणतं, कुणी वसंतचा मुलगा. आडनावाशी कुणाला घेणंदेणं नाही."

मी हसलो. तेव्हा मी त्यातून काही शिकलो असतो, तर पुढचं बरंच टळलं असतं.

पोहे संपल्यावर मुग्धानं काम समजावून दिलं. कॉजवेच्या, म्हणजे सामुद्रधुनीवरच्या पुलाच्या पलीकडे, मलेशियातल्या जोहोर बाहरूला नूर कमाल नावाचा तिशीतला माणूस भाजीच्या घाऊक बाजारात काम करतो. निर्वासितांची नोंदणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं कार्ड त्याच्याकडे आहे. त्याला तिसऱ्या देशात पाठवण्याची प्रक्रिया बरीच पुढे गेली आहे. पुढच्या गुरुवारी शेवटची मुलाखत. अडचण एकच. त्याची बहीण सनुवारा वर्षभरापूर्वी समुद्रातून मलेशियात पोहोचली आणि पकडली गेली. तेव्हापासून ती स्थलांतरितांच्या कोठडीत आहे. ही त्याची सख्खी बहीण आहे हे गुरुवारपर्यंत कागदावर सिद्ध झालं, तर तिची फाइल त्याच्या फाइलीला जोडली जाईल. नाही झालं, तर तो एकटा जाईल आणि ती आत राहील.

"तो म्हणतो, एकटा जाणार नाही," मुग्धा म्हणाली. "आणि नंबर गेला की परत येत नाही."

"वकील नाही का?"

"कुआलालंपूरला एक कार्यकर्ती आहे. तिच्याकडे अशा दीडशे फाइली आहेत. नूर कमालला हिंदी चांगलं येतं, म्हणून तुम्ही."

केदार बशा उचलत होता. "काका, तुम्ही इथे पाहुणे आहात. माझा पास जानेवारीत रिन्यूला येतो. बाकी मी काही म्हणत नाही."

"म्हणालास की," मुग्धा म्हणाली.

त्याचं चूक नव्हतं. सिंगापूर निर्वासित म्हणून कुणालाच ठेवून घेत नाही. तिथल्या एका उद्यानात भाषणासाठी एक कोपरा राखून ठेवला आहे, पण तिथे बोलायचं तर तुम्ही नागरिक किंवा पीआर असायला हवं. पाहुण्यानं तिथल्या सभेत नुसतं सामील होणंही नियमात बसत नाही. हे मी स्वतः वाचून खात्री करून घेतलं. सगळं लिहिलेलं आहे, आणि सगळे पाळतात.

जोहोर बाहरू

मलेशियाचा व्हिसा मी पुण्यातूनच काढून नेला होता. गुरुवारी सकाळी जुरोंग ईस्टहून बस घेतली. वुडलँड्सला उतरून सिंगापूरचा शिक्का, पुन्हा बस, पलीकडे उतरून मलेशियाचा शिक्का. मध्ये एक किलोमीटरचा पूल. खाली पाणी कमी आणि चिखल जास्त. बसमधली माणसं रोजची होती. कुणी बाहेर बघत नव्हतं.

नूर कमाल ज्या खोलीत राहतो ती एका गाळ्याच्या वर आहे. खाली कोबीचे ढीग. तो जिन्यापाशी उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. मुलाखतीसाठी घातला असावा.

"चाचा, पहले खाना," तो म्हणाला.

त्यानं स्वतः भाकऱ्या केल्या. पाण्याला उकळी आणून त्यात तांदळाचं पीठ घातलं, झाकण ठेवलं, उतरवून हात पाण्यात बुडवत मळलं. माझं बालपण रत्नागिरीत गेलं. ही उकड मला ओळखीची होती. फरक एवढाच की त्यानं ती थापली नाही, बाटलीनं लाटली. नाव विचारलं तर म्हणाला, "लुरी फिरा." सोबत सुक्या मासळीचं तिखट कालवण होतं. मी तीन खाल्ल्या.

मुलाखत तीन तास चालली. त्याचं गाव मौंगडॉ भागातलं. १९८२च्या नागरिकत्व कायद्यानंतर वडिलांचं नागरिकत्व गेलं, म्हणजे त्याच्या जन्माआधीच. पुढच्या गावाला जायचं तरी परवानगी लागे. दर वर्षी अधिकारी येत आणि घरासमोर सगळ्यांना ओळीनं उभं करून फोटो काढत. हातात पाटी, पाटीवर घराचा क्रमांक. पुढच्या वर्षी ओळीत एखादा कमी भरला, तर तो कुठे गेला याचं उत्तर द्यावं लागे आणि त्याचं नाव कुटुंबयादीतून खोडलं जाई.

"पाटी कोण धरायचं?"

"आँर बाफ," तो आपल्या भाषेत म्हणाला, मग थांबला. "मेरे बाप."

‘बाफ’ हा शब्द मला हिंदीची वाट न बघता कळला होता.

कुटुंबयादीची एक प्रत त्याच्याकडे होती, प्लास्टिकमध्ये घातलेली. अक्षरं बर्मी. सोबत कुणी तरी केलेलं इंग्रजी भाषांतर टाचलेलं. रकाने होते नाव, जन्मसाल, वडिलांचं नाव, वंश. वंशाच्या रकान्यात सगळ्यांपुढे ‘बंगाली’.

"हम बंगाली नहीं हैं," तो म्हणाला. "लेकिन यही एक कागज़ है जिसमें हम हैं."

त्यानं ते वाक्य नेहमीच्या आवाजात म्हटलं आणि प्लास्टिकवरचा मासळीचा डाग शर्टाच्या बाहीनं पुसला.

मग मी माझ्या पद्धतीनं काम केलं. सुवाच्य अक्षरात दोन पानांचं इंग्रजी निवेदन लिहिलं, परिच्छेदांना क्रमांक घातले. आणि सुरुवातीला, वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून, सर्व संबंधितांचा तक्ता केला. हा तक्ता कुणी मागितला नव्हता. डेस्कवर मी नव्या मुलांना हेच शिकवत असे, की आधी माणसं कोण ते सांगा.

"बहिणीचं पूर्ण नाव?"

"सनुवारा."

"लग्न झालंय?"

"हुआ था. अब्दुल मालेक से. वो नहीं रहा. गाँव में ही."

मी तक्त्यात लिहिलं, ‘सनुवारा अब्दुल मालेक’. पुढे ‘वडील/पती’ असा रकाना मी आखला होता, त्यातही ‘अब्दुल मालेक’. विवाहित स्त्रीच्या नावापुढे दुसरं काय लिहायचं असतं? शाळेच्या दाखल्यापासून वीजबिलापर्यंत मी हेच पाहिलं होतं. तीस वर्षांत किती बायकांची नावं मी अशीच दुरुस्त केली असतील, याचा हिशेब नाही.

निवेदन मी त्याला हिंदीत वाचून दाखवलं, परिच्छेद एक ते अकरा. तक्ता वाचला नाही. नावं तर त्यानंच सांगितली होती. त्यानं सही केली. मी कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. मूळ प्रत घ्यायला कुआलालंपूरच्या कार्यकर्तीचा माणूस दुपारी येणार होता, त्यासाठी ती तिथेच ठेवली.

परतताना पुलावर बस चाळीस मिनिटं अडकली. मी समाधानी होतो.

बुओना व्हिस्टा

रविवारी दुपारी मुग्धाच्या एका मैत्रिणीच्या कॉन्डोमध्ये पंधराएक जण जमले. खाली पोहण्याचा तलाव, त्याच्या बाजूला रहिवाशांची बैठकीची खोली. सगळे नावानं बोलावलेले. घरगुती. निवेदन ऐकवायचं आणि ओळखीतल्या देशांच्या वकिलातींना, खासदारांना पत्रं लिहायला लोक तयार करायचे, एवढाच बेत. वाचायचं मुग्धानं, मी मागे बसायचं, असं ठरलं होतं. केदारही आला. दाराजवळ बसला.

फोनच्या स्पीकरवर नूर कमाल होता. त्याला इंग्रजी येत नाही, पण मलय उत्तम येतं. म्हणून मुग्धानं शेजारच्या झैनबला आणलं होतं. झैनब मलय आहे, शाळेत शिकवते. मुग्धा इंग्रजीत एक तुकडा वाचणार, झैनब तो त्याला मलयमध्ये सांगणार.

सुरू होण्याआधी बँकेत मोठ्या पदावर असलेले एक पुणेकर गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही पेपरवाले. खरं सांगा, आपल्याच देशात एवढे प्रश्न असताना हे कशाला?"

"प्रश्न कमी झाले की करू असं म्हणत मी तीस वर्षं आतलं पान लावलं," मी म्हटलं.

ते वडा खात होते. "वडे छान झालेत," ते म्हणाले. गेले मात्र नाहीत. बसले.

मुग्धानं तक्त्यापासून सुरुवात केली. दुसरीच ओळ. झैनबनं ती मलयमध्ये सांगितली. मला त्यातले चार शब्द कळले, "सनुवारा बिन्ती अब्दुल मालेक."

फोनमधून आवाज आला, "बुकान."

झैनब थांबली.

"बुकान, बुकान," नूर कमाल म्हणाला. म्हणजे नाही, नाही. मग तो भराभर मलयमध्ये बोलू लागला. झैनबचा चेहरा गोंधळला. तिनं माझ्याकडे पाहिलं. सिंगापुरात माझ्या वयाच्या प्रत्येकाला अंकल म्हणतात.

"अंकल, अब्दुल मालेक कोण? तिचे वडील ना?"

"पती."

"मग त्याचं नाव तिच्या नावामागे कसं?"

"लग्न झाल्यावर..." मी म्हणालो.

"आमच्यात नाही होत," झैनब म्हणाली. "मी झैनब बिन्ते यूसुफ. बिन्ते किंवा बिन्ती म्हणजे मुलगी. यूसुफ माझे वडील. लग्नाला बावीस वर्षं झाली, नवरा आहे, मुलं आहेत, तरी यूसुफच. नावामागे जे येतं ते वडिलांचं. मलेशियातला कुठलाही ऑफिसर हे असंच वाचणार. सनुवारा, अब्दुल मालेकची मुलगी."

नूर कमालच्या वडिलांचं नाव सय्यद हुसेन. तक्त्यातल्या पहिल्या ओळीत ते होतं. दुसऱ्या ओळीत, जिथे ते असायला हवं होतं, तिथे मी दुसरंच नाव घातलं होतं. बर्मी यादीत दोघांपुढे एकच नाव होतं, सय्यद हुसेन. भाऊबहीण असल्याचा त्यांच्याकडे तेवढा एकच पुरावा होता, आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात तो खोडून टाकला होता. त्याखाली त्याची सही होती.

"मिस्टर वसंत," केदार दाराजवळून हळूच म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, स्वतःशीच.

फोनमधून नूर कमाल हिंदीत म्हणाला, "चाचा? आप हैं वहाँ?"

"आहे," मी मराठीत म्हणालो. मग हिंदीत म्हणालो, चूक माझी आहे.

"आपने तो मेरी बहन को उसके शौहर की बेटी बना दिया." तो हसला. खोलीतलं कुणीच हसलं नाही, म्हणून तोही थांबला. "गुरुवार है, चाचा."

मुग्धानं तिथूनच कुआलालंपूरला फोन लावला. कागद शुक्रवारी सकाळीच फाइलीत दाखल झाला होता. काढता येणार नव्हता. नवं निवेदन मात्र जोडता येईल. मूळ सहीसह, मंगळवारी दुपारपर्यंत. स्कॅन चालणार नाही.

घरी येताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मुग्धा माझ्या शेजारी बसली. तिनं लग्नानंतर नाव बदललेलं नाही. त्यावरून तिच्या सासरी काय काय झालं ते मला माहीत आहे, कारण समजूत घालायला मीच गेलो होतो.

"मी वाचायला हवं होतं," ती म्हणाली. "काकांनी लिहिलंय म्हणून नीट बघितलंच नाही."

"डेस्कवर हेच होतं," मी म्हणालो. "सिनिअरची कॉपी कुणी तपासत नाही."

कॉजवे

सोमवारी सकाळी निघालो. मंगळवारी तिथला माणूस कागद नेणार, बुधवारी माझं विमान, गुरुवारी मुलाखत. केदारनं रजा टाकली होती. म्हणाला, "रांगेत दोघं असले तर बरं." त्याच्याकडे मलेशियाचा व्हिसा नव्हता, म्हणून तो वुडलँड्सच्या तपासणीपर्यंतच येऊ शकत होता. तिथपर्यंत आला.

पुढची रांग पहिल्यापेक्षा तिप्पट होती. पलीकडे सुट्टी होती की काय, कुणी सांगेना. मी दर पाच मिनिटांनी पिशवीत हात घालून कागद चाचपत होतो. नवं निवेदन मुग्धानं टाइप केलं होतं, झैनबनं तपासलं होतं, आणि सकाळी चहाच्या वेळी केदारनं पुन्हा मोठ्यानं वाचलं होतं. यात तक्ता नव्हता. पहिलंच वाक्य असं: सनुवारा ही सय्यद हुसेन यांची मुलगी व माझी सख्खी बहीण आहे. आधीच्या निवेदनातील अब्दुल मालेक हे तिच्या दिवंगत पतीचे नाव असून, लिहून घेणाऱ्याच्या चुकीमुळे ते वडिलांच्या जागी पडले.

वर्तमानपत्रात याला आम्ही चूकदुरुस्ती म्हणतो. ती बारीक टायपात, पान दोनच्या तळाला जाते. कुणी वाचू नये अशा जागी.

मलेशियाच्या खिडकीवरच्या अधिकारी बाईंनी माझा पासपोर्ट उलटसुलट पाहिला. चार दिवसांत दुसऱ्यांदा का, असं विचारलं. मी म्हटलं, जेवायला. ते अर्धं खरं होतं. त्यांनी माझ्या नावातला मधला शब्द वाचून मला त्यानंच हाक मारली. ते माझ्या वडिलांचं नाव. मी ‘येस’ म्हणालो.

बाजारात पोहोचलो तेव्हा दुपार टळायला आली होती. नूर कमाल कोबीच्या ढिगामागे कामावर होता. या वेळी इस्त्रीचा शर्ट नव्हता, प्लास्टिकचा एप्रन होता. हात धुऊन, पुसून, पुन्हा पुसून तो आला. एका पेटीवर कागद ठेवला. मी शब्दन्‌शब्द हिंदीत वाचून दाखवला. सय्यद हुसेन हे नाव आलं तिथे तो म्हणाला, "फिर से."

मी पुन्हा वाचलं.

"बहन को मालूम है, आप उसके लिए लिख रहे हैं?"

"नाही," मी म्हणालो. तिला भेटायची परवानगी आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

"अच्छा है," तो म्हणाला. "पहला वाला देखती तो रोती. या हँसती. उसका कुछ भरोसा नहीं." आणि त्यानं सही केली.

भाकरी खायला वेळ नव्हता. त्यानं मला एक कोबी दिला. सिंगापूरच्या तपासणीवर तो काढून घेतील असं मी सांगितलं, तरी दिला. तो मी बस स्टॉपवरच्या एका बाईंना देऊन टाकला.

पुणे

गुरुवारी मी घरी होतो. फोन शुक्रवारी आला. मुलाखतीत नूर कमालला कुटुंबाबद्दल चार प्रश्न विचारले. त्याच दिवशी दुसऱ्या अधिकाऱ्यानं कोठडीत सनुवाराला वेगळं बसवून तेच विचारलं. फाइलीत दोन्ही कागद होते, माझा पहिला आणि त्यावर टाचलेला दुसरा. अधिकाऱ्याच्या हाती पहिला आधी लागला. त्यानं विचारलं, "तुझे वडील अब्दुल मालेक?"

कार्यकर्तीच्या टिपणात नोंद आहे, की तिनं आधी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. मग म्हणाली, ते माझे पती. ते गेले. वडील सय्यद हुसेन.

नूर कमालचं उत्तरही तेच होतं. दोन फाइली एकत्र झाल्या.

हे लिहीपर्यंत पुढचं काही झालेलं नाही. नूर कमाल बाजारात आहे, सनुवारा कोठडीत. तो एकटा जाणार नाही असं अजून म्हणतो, आणि त्याचा नंबर अजून गेलेला नाही. बुओना व्हिस्टाच्या त्या बैठकीतून अकरा पत्रं गेली. त्यातलं एक बँकेतल्या त्या गृहस्थांचं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला पत्र लिहायचं असेल, तर आपल्या खासदाराला लिहावं. त्यात तिच्यासारख्यांना कोठडीतून सोडा असं लिहावं, आणि या लोकांना त्यांनी स्वतः सांगितलेल्या नावानं ओळखा, हेही लिहावं.

‘छापायची नाही’ हे बंधन नूर कमालनं नंतर स्वतः काढलं. नावं बदलायची अट घातली, ती बरोबर होती. भाऊ कुठल्या बाजारात आहे आणि बहीण कुठे, हे नावासकट छापणं धोक्याचं आहे. तेव्हा या लेखातलं त्यांचं एकही नाव खरं नाही. मात्र बदलताना दोघांना वडील एकच दिले आहेत.